कच्चं कास्टिंग कुणाच्या हाती द्यायचं?

"ओपन सोर्स घ्या, लायसनचा एक रुपयाही लागत नाही, आठ दिवसांत दुकान ऑनलाइन." कोल्हापुरात ओपन सोर्सचं, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं, हे वाक्य मी बचत गटांच्या प्रशिक्षणात ऐकलं आहे, कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात ऐकलं आहे, आणि एकदा मी स्वतः म्हणालो आहे. समोर माझा आतेभाऊ बसला होता. चप्पल लाईनमध्ये त्याचं वडिलांच्या वेळेपासूनचं छोटं दुकान आहे. साल २०२१. अंबाबाईचं मंदिर बंद होतं, म्हणजे बाहेरगावचं गिऱ्हाईक बंद होतं. त्यात जुलैचा पूर. दादानं विचारलं, "तू कॉम्प्युटरमधला माणूस. आपली चप्पल पुण्या-मुंबईला थेट विकता येईल का?" मी म्हणालो, "येईल की."

मी निवडलेलं सॉफ्टवेअर नवं होतं, देखणं होतं, झपाट्यानं वाढत होतं. त्याच्या आवृत्तीचा आकडा शून्यानं सुरू होत होता. आवृत्त्यांना आकडे देण्याचा जो रूढ संकेत आहे, त्यात या शून्याचा अर्थ स्पष्ट सांगितलेला आहे: काम अजून सुरुवातीच्या अवस्थेत आहे, कधीही काहीही बदलू शकतं. मला तो अर्थ माहीत होता. दादाला नव्हता. हा लेख मी त्या एका फरकासाठी लिहितो आहे.

दिवाळीच्या आठवड्यात दुकान चांगलं चाललं. मग एका संध्याकाळी दादाचा फोन आला. "गिऱ्हाईक म्हणतंय पैसे गेलेत, आणि इथं तर ऑर्डरच दिसंना झाल्यात."

घडलं ते असं. ग्राहक पैसे भरतो तो आपल्या दुकानात नव्हे, पेमेंट कंपनीच्या पानावर. पैसे जमा झाले की ती कंपनी आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप धाडते की अमुक ऑर्डरचे पैसे आले. हा निरोप कधी उशिरा येतो, कधी दोनदा येतो, कधी ग्राहकानं पान बंद केल्यावर येतो. मुरलेल्या सॉफ्टवेअरला या सगळ्याची सवय असते. आमच्या प्लगिनमध्ये, म्हणजे दुकान पेमेंट कंपनीशी जोडणाऱ्या पुरवणी तुकड्यात, फक्त सरळ वाट लिहिलेली होती: ग्राहक पैसे भरून आमच्या पानावर परत आला तरच ऑर्डर पक्की. ज्यांचं नेटवर्क मध्येच तुटलं, जे यूपीआयच्या ॲपमधून परत फिरलेच नाहीत, त्यांचे पैसे आले पण ऑर्डर अडकून राहिली आणि काही वेळानं आपोआप रद्द झाली. रद्द झाली म्हणून तो जोड पुन्हा विक्रीला लागला, आणि दुसऱ्या कुणी घेतला. नऊ नंबरची एकच कापशी चप्पल, आणि तिचे पैसे दोघांनी भरलेले.

कारखान्यातला बूट असता तर गोदामातून दुसरा काढता आला असता. हाताच्या चपलेचं तसं नसतं. कमावलेलं कातडं हवं, तळ कापायचा, शिवायचा, वेणी घालायची. वेणीचं काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका करतात, आणि दिवाळीत त्यांच्यापुढं आधीच ढीग पडलेला असतो. दादानं दोन रात्री एकेका गिऱ्हाइकाला फोन केले. परताव्याला दिवस लागणार होते, म्हणून काहींचे पैसे त्यानं गल्ल्यातून दिले. प्लगिनच्या पानावर तळाशी एक ओळ होती की हे खऱ्या व्यवहारासाठी अजून पुरतं तपासलेलं नाही. ती मी वाचली होती. दादाला सांगितली नव्हती.

आता जबाबदारीचा हिशोब बघा. जवळजवळ प्रत्येक ओपन सोर्स परवान्यात एक कलम असतं: सॉफ्टवेअर जसं आहे तसं देतो, कसलीही हमी नाही. लेखकाच्या बाजूनं ते अगदी न्याय्य आहे. तो रात्री जागून फुकट लिहितो आणि वर जगभरच्या नुकसानाची भरपाई त्यानं कशी द्यावी? मीही घरचं काम म्हणून पैसे घेतले नव्हते, म्हणून माझीही हमी नव्हती. ग्राहकाकडं मात्र कायदा आहे. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. प्लगिन अर्धवट होतं, हे उत्तर तिथं चालत नाही. म्हणजे लिहिणाऱ्यानं हात झटकले, बसवणाऱ्यानं झटकले, आणि अर्धवटपणाचा सगळा भार ज्याला तो अर्धवट आहे हेच ठाऊक नव्हतं त्याच्या डोक्यावर आला.

याचा अर्थ अपुरं सॉफ्टवेअर वाईट, असं माझं म्हणणं नाही. उलट, ऑनलाइन दुकानांच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट अपुऱ्या ओपन सोर्सवरच उभी आहे. २००४ मध्ये टोबियास ल्यूटकेला कॅनडात स्नोबोर्ड विकायचे होते. बाजारात मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअर त्याला पसंत पडेनात, म्हणून त्यानं स्वतःचं दुकान लिहायला घेतलं आणि त्यासाठी रुबी ऑन रेल्स हा वेबसाइट बांधायचा ओपन सोर्स सांगाडा निवडला. रेल्स त्याच वर्षी लोकांपुढं आलं होतं, त्याची १.० आवृत्ती निघायला डिसेंबर २००५ उजाडला. म्हणजे दुकान आधी, पाया पुरा झाला नंतर. त्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून २००६ मध्ये शॉपिफाय ही ऑनलाइन दुकानं भाड्यानं देणारी कंपनी झाली. ही कथा आपल्याकडं हौसेनं सांगितली जाते, पण अर्धीच. उरलेली अर्धी अशी की ल्यूटके स्वतः उत्तम प्रोग्रामर होता, रेल्स घडवणाऱ्या मुख्य मंडळींत तो सामील झाला, आणि पेमेंट कंपन्यांशी बोलण्यासाठी त्यांनी जे लिहिलं ते ॲक्टिव्ह मर्चंट या नावानं सगळ्यांसाठी खुलं केलं. पाया हलला तर तो बांधायला उतरणारा माणूस दुकानाचा मालकच होता.

कोल्हापुरातल्या फाउंड्री-कारखान्यांच्या उद्यमनगरात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, धातू ओतून केलेला कच्चा भाग, म्हणजे इंजिन नव्हे. फेटलिंग करून कडा साफ करायच्या, मशिनवर चढवायचं, बोअर काढायचा, माप तपासायचं; आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाली तर तो नग भंगारात जातो. कच्चं कास्टिंग घेणारा माणूस मशिनवाला असतो, आणि कच्चं आहे म्हणूनच त्याला ते हवं असतं. तेच कास्टिंग शेतकऱ्याच्या हाती देऊन "हे घ्या इंजिन, बसवा विहिरीवर" असं म्हणायची हिंमत उद्यमनगरात कुणी करणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण हेच राजरोस करतो, आणि त्याला डिजिटल सक्षमीकरण म्हणतो.

अर्धवट सॉफ्टवेअरवर दुकानं वर्षानुवर्षं चालू शकतात, हेही खरं. ओएसकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००० साली जर्मनीत सुरू झालं. त्याची २.२ आवृत्ती २००३ मध्ये 'माइलस्टोन' म्हणून, म्हणजे वाटेवरचा टप्पा म्हणून, हाती आली आणि २.३ यायला २०१० साल लागलं. मधली सगळी वर्षं जगभरची हजारो दुकानं त्या टप्प्यावरच बसून होती. काहींना धीर धरवला नाही. त्यांनी २००३ मध्येच झेन कार्ट नावाची वेगळी चूल मांडली. जे राहिले त्यांनी आपापल्या प्रोग्रामरकडून मूळ फायली उघडून हवे ते बदल हातानं घुसवले. त्यामुळं प्रत्येक दुकान वेगळं झालं, आणि नवी आवृत्ती आली तेव्हा ती चढवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बांधणं ठरलं. ठिगळं लावणारा माणूस सोडून गेला की ते दुकान कुणालाच कळेनासं व्हायचं. कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या प्रोजेक्टमधून झालेल्या दुकानांचं आज हेच होतं. मुलं पास होऊन पुण्याला जातात. मागं राहतो एक पासवर्ड, तोही कुणाच्या तरी वहीत.

यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. तिकडं पुरं झालेलं सॉफ्टवेअरही इथं पोचेपर्यंत पुन्हा अर्धवट होतं, आणि ही गोष्ट ते बसवणारे सांगत नाहीत.

चपलेवरचा जीएसटी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावरच्या जोडावर १८ टक्के कर आहे. म्हणजे दर वस्तूवर ठरत नाही, वस्तूच्या किमतीवर ठरतो. परदेशात घडलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या रचनेत कर वस्तूच्या वर्गाला चिकटवलेला असतो: पुस्तकं एका वर्गात, कपडे दुसऱ्या. एकच कापशी आज एका दरात आणि सूट दिल्यावर दुसऱ्या दरात, ही कल्पनाच त्यात नसते. कराआधी २६०० रुपयांचा जोड १८ टक्क्यांत बसतो, बिल ३०६८ रुपयांचं. त्यावर १० टक्के सूट दिली की किंमत २३४० होते, दर ५ टक्क्यांवर येतो आणि बिल २४५७ होतं. सॉफ्टवेअरला हे कळलं नाही तर ते २३४० वर १८ टक्के लावत राहतं, आणि ग्राहकाकडून तीनशेवर रुपये जास्त घेतले जातात. आणि हा उंबरठाही स्थिर नाही. आधी तो १००० रुपयांवर होता. त्याच्या आतल्या जोडाचा दर २०२२ च्या सुरुवातीला ५ वरून १२ झाला. दर वेळी कुणीतरी बसून नियम बदलायला हवा. पुन्हा नागपूरच्या गिऱ्हाइकाला बिल करताना कर केंद्र आणि राज्य असा विभागायचा, आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीला मात्र आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा एकत्रित कर, लावायचा, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आपल्या मालाचा मुलूखच दोन राज्यांत पसरलेला आहे, तेव्हा ही अडचण अपवादानं येणारी नाही, रोजची आहे.

दुसरी गोष्ट मराठीची. दुकानाचं पान मराठीत दिसतं, कारण ब्राउझरला देवनागरी जुळवता येते. बिलाची पीडीएफ काढली की मात्र पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये 'कोल्हापूर'मधला 'ल्हा' फुटतो आणि 'शिवाजी'ची वेलांटी 'श'च्या उजवीकडं जाऊन बसते. याचं कारण असं की अक्षरं नुसती शेजारी शेजारी ठेवून देवनागरी होत नाही. जोडाक्षर घडवणारा, ऱ्हस्व वेलांटी उचलून अलीकडं आणणारा एक स्वतंत्र टप्पा लागतो. तो टप्पा करणारं हार्फबझ हे ओपन सोर्सच आहे, उत्तम आहे, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तेच काम करतं. पण बिल छापणाऱ्या साध्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ते जोडलेलं नसतं, आणि जे लिहितात त्यांना त्याची गरज भासत नाही. गरज आपल्याला आहे. दादानं ते बिल बघून एवढंच म्हटलं, "हे असलं बिल मी गिऱ्हाइकाच्या हातात कसं देऊ?" दुकानाचं नाव त्याच्या वडिलांनी ठेवलेलं आहे, आणि तेच मोडकं छापलं होतं.

म्हणून "तयार, पक्कं सॉफ्टवेअर घ्या म्हणजे झालं" हा सल्लाही मला अपुरा वाटतो. पक्कं झालेलंही कायम पक्कं राहत नाही. मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरची पहिली पिढी २००८ पासून जगभर नावाजलेली होती. ३० जून २०२० ला तिची अधिकृत दुरुस्ती थांबली. सप्टेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी सुमारे दोन हजार मॅजेंटो दुकानांत चोरटा कोड शिरला आणि ग्राहकांच्या कार्डांची माहिती पळवू लागला. त्यांतली बहुतेक दुकानं या जुन्या पिढीची होती. दुकानदारांनी काही बदललं नव्हतं. काही न बदलणं हेच कारण होतं.

मग महिन्याच्या भाड्यानं मिळणारं तयार ऑनलाइन दुकान घ्यावं, किंवा मोठ्या बाजारपेठेच्या ॲपवर माल टाकावा, असं कुणी म्हणेल. ज्याला आज चार जोड विकायचे आहेत त्यानं खुशाल तसं करावं. मी दादालाही काही काळ तेच सांगितलं. पण जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला दिसल्या, आपल्याकडून आवाज उठला, आणि प्रेरणा इथली आहे हे त्या कंपनीला मान्य करावं लागलं. त्या दिवसांत जगात कुठंतरी कुणी 'कोल्हापुरी' हा शब्द टाकून शोधलं असेल, तर तो माणूस कुणाच्या पानावर पोचला? गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पायाचं माप, त्यानं पुन्हा कधी घेतलं, ही दुकानाची खरी कमाई असते. भाड्याच्या जागेत ही वही दुसऱ्याच्या कपाटात राहते आणि भाडं वाढलं तर बोलायची सोय नसते. स्वतःचं दुकान हवंच, आणि माझ्या मते ते ओपन सोर्सवरच हवं. प्रश्न एवढाच उरतो की कच्च्या कास्टिंगचं मशिनिंग कोण करणार, आणि त्याचे पैसे कोण देणार.

या जिल्ह्यात याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. दोन म्हशींचा माणूस स्वतःचं शीतकरण केंद्र बांधत नाही. गोकुळ १९६३ पासून आहे ते एवढ्यासाठीच की जे एकट्याला पेलत नाही ते संघानं पेलावं. दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळणं ही त्याच जातीची गोष्ट आहे. चप्पल लाईन, गुजरीतले सराफ, लक्ष्मीपुरीतले मसालेवाले आणि गुळाचे व्यापारी, गावोगावचे चटणी करणारे बचत गट, यांतल्या ५० जणांनी महिन्याला ५०० रुपये काढले तर २५,००० होतात. तेवढ्यात कोल्हापुरातच राहू इच्छिणारा एक होतकरू प्रोग्रामर ठेवता येतो. त्यानं पन्नास वेगळी दुकानं बांधायची नाहीत. एकच पाया सांभाळायचा, त्यात जीएसटीचे उंबरठे, मराठी बिल, कॅश ऑन डिलिव्हरीचा परत आलेला माल यांचे तुकडे लिहायचे, आणि ते मूळ प्रकल्पाला परत पाठवायचे. परत पाठवणं हे उपकार म्हणून नव्हे. आपला तुकडा मूळ प्रकल्पात गेला की पुढच्या आवृत्तीबरोबर तो सांभाळला जाण्याची शक्यता असते. आपल्याजवळच ठेवला तर ओएसकॉमर्सच्या ठिगळांसारखा दर वेळी नव्यानं शिवावा लागतो.

सहकाराच्या नावानं संगणकाचे प्रयोग इथं पूर्वीही झाले आहेत. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सत्तर गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशभर त्याचं नाव झालं होतं. गावोगावी केंद्रं उघडली, पण शेतकऱ्यांकडून त्यांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामाला झाला: नोंद, टनेज, खत, बिल. पुढं सात गावांत तेच काम संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं गेलं, कारण जुने होत चाललेले संगणक सांभाळणं जड जात होतं. काही जण याला अपयश म्हणतात. मी तसं म्हणत नाही. ज्या कामावर कारखान्याचा आणि सभासदाचा रोजचा पैसा अवलंबून होता ते काम टिकलं, आणि त्याला झेपेल असं साधन शोधलं गेलं. सरकारी आणि संस्थांचा निधी नवं पोर्टल उघडायला सहज मिळतो. पाच वर्षं कुणीतरी बसून दुरुस्त्या करण्यासाठी तो मागितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हा माझा अनुभव आहे. सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल तर तो त्या पाच वर्षांसाठी द्यावा.

ओपन सोर्समधले माझे मित्र यावर म्हणतील की अपुरं सॉफ्टवेअर कुणी वापरलंच नाही तर ते पुरं होणार कसं? त्यांचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. वापरल्याशिवाय चुका सापडत नाहीत, हे दादाच्या दिवाळीनंच दाखवलं. आमच्या तक्रारीनंतर त्या प्लगिनमध्ये निरोपाची मागची वाट नीट लिहिली गेली. पण ती चूक आम्हाला श्रावणात, दहा जोड मांडून, पैसे आपल्याच चार नातेवाइकांकडून भरवून शोधता आली असती. पैशाचा भाग सुरुवातीला बाहेरच ठेवता आला असता: वेबसाइटनं फक्त मागणी घ्यायची, दादानं फोन करून माप विचारायचं, यूपीआयवर पैसे आले की हातानं ऑर्डर पक्की करायची. तो गिऱ्हाइकाशी तसाही बोलतोच. अर्धवट वस्तू वापरणाऱ्याला ती अर्धवट आहे हे त्याच्या भाषेत सांगितलं, आणि बिघाड झाला तर नुकसान झेपेल एवढ्याच मापात ती वापरली, तर मला तक्रारीला जागा नाही. मित्रांनी ही अट आपणहून पाळावी अशी माझी अपेक्षा आहे, कारण समोरचा माणूस ती घालू शकत नाही. त्याला काय विचारायचं हेच माहीत नसतं.

दादाचं दुकान आता जुन्या, कमी देखण्या सॉफ्टवेअरवर आहे. किमतीप्रमाणे कर बदलणारा तुकडा मी लिहून मूळ प्रकल्पाकडं पाठवला आहे. त्यावर तिकडून दोनदा शंका आल्या, दोन्हींची उत्तरं दिली, अजून तो स्वीकारलेला नाही. तोपर्यंत गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. दादाच्याच अक्षरात, वर लिहिलंय, 'वेबसाइटला काय येत नाही'. पहिली ओळ सवलतीच्या बिलाची आहे: सूट देऊन किंमत २५०० च्या खाली आली तर बिल हातानं करायचं. दुसरी पुराची: २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, तशी वेळ आली तर मागण्या आपोआप थांबत नाहीत, मला फोन करायचा. तिसरी ओळ परवा वहिनीनं वाढवली. एका गिऱ्हाइकाचा डावा पाय आठ नंबरचा आणि उजवा नऊचा होता, आणि वेबसाइटला असा जोड मागता येत नाही.